जस्ताची बोटं आणि त्यांना ओळखणारी अँटिबॉडी

आपल्या हिंगोलीकडे पानं पिवळी पडली की झिंक सल्फेट टाकतात, हे पोरांना माहीत असतं. झिंक म्हणजे जस्त. ते आपल्या पेशींनाही लागतं. कशाला? त्याचं एक उत्तर म्हणजे 'झिंक फिंगर' प्रथिनं.

झिंक फिंगर म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या माळेतला साधारण 30 अमिनो आम्लांचा तुकडा जस्ताच्या एका आयनाभोवती दुमडतो आणि बोटासारखा आकार होतो. 1985 मध्ये केंब्रिजच्या आरन क्लूग आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या एका प्रथिनात ही रचना ओळखली. अशी बरीच प्रथिनं या बोटांनी डीएनए धरतात आणि कोणतं जनुक चालू, कोणतं बंद हे ठरवतात.

ते शोधायचं कसं?

पेशीत हजारो प्रथिनं असतात. त्यातलं एक शोधायला अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड वापरतात. हव्या त्या प्रथिनाचा तुकडा सशाला टोचला की त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ती रक्तातून वेगळी काढतात. मग पेशीतली प्रथिनं आकारानुसार वेगळी करून एका पातळ पडद्यावर घेतात आणि त्यावर प्रतिपिंड सोडतात. ते जिथं चिकटेल तिथं पट्टा दिसतो.

खरी मेख इथं आहे

माणसात झिंक फिंगर असलेली प्रथिनं सातशेहून जास्त आहेत आणि त्यांची बोटं बरीच सारखी. वसमतच्या बसस्टँडवर नुसतं "ओ पाटील!" म्हटलं तर दहा जण वळून बघतील. पूर्ण नाव घ्यावं लागतं. म्हणून सशाला प्रथिनाचा असा तुकडा देतात, जो बाकीच्या भावंडांत नाही.

तरी खात्री कशी? ज्या पेशींतून ते जनुकच काढून टाकलंय, त्यांच्यावर तेच प्रतिपिंड वापरून बघतात. पट्टा गायब झाला तर ठीक. तरीही दिसला, तर प्रतिपिंड भलत्यालाच धरतंय! हे तपासलं नाही तर पुढचं सगळं संशोधन चुकीच्या पायावर उभं राहतं.

वर्गात करून पाहा

आपली हळद आहेच. कागदाला ओली हळद लावून वाळवा. त्यावर साबणाचं पाणी, चुन्याची निवळी, धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि साधं पाणी यांचा एकेक थेंब टाका. पहिल्या तिन्हींनी लाल डाग पडतो, साध्या पाण्यानं नाही. आता मुलांना दोन प्रश्न विचारा:

1. लाल डाग पाहून 'हा साबणच' असं म्हणता येईल का?
2. साध्या पाण्याचा थेंब कशासाठी टाकला?

पहिल्या प्रश्नात भावंडांची गफलत आहे, दुसऱ्यात जनुक काढलेल्या पेशींचं काम. "जे शोधतोय ते नसताना काय दिसतं?" हे विचारायची सवय पाचवीतल्या पोरालाही लावता येते. घरीसुद्धा जरूर करून पाहा.