शूमाकर खरेच मंदावला होता का?

जालना रस्त्याने चिकलठाणा मागे टाकून शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीकडे निघाले की स्कोडा-फोक्सवॅगनचा कारखाना लागतो. छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद म्हणून ओळखले जात होते, त्या काळात, २००१ मध्ये, स्कोडाची ऑक्टाव्हिया येथून भारतीय बाजारात आली. पुढे काही वर्षांतच चार कड्यांचे बोधचिन्ह मिरवणाऱ्या ऑडी मोटारींची जुळणीही येथे सुरू झाली. हेच बोधचिन्ह २०२६च्या हंगामापासून फॉर्म्युला वनच्या शर्यतींत उतरले आहे. ऑडीने त्यासाठी निवडलेली चालकांची जोडी मोठी बोलकी आहे. एक निको हल्केनबर्ग, जन्म १९८७चा. दुसरा गॅब्रिएल बोर्तोलेतो, जन्म २००४चा. मोटार एकच, वयात सतरा वर्षांचे अंतर.

अशी जोडी दिसली की शर्यतींच्या चाहत्यांमध्ये एक वाद हमखास रंगतो. तरुण सहकारी वेगवान ठरू लागला, म्हणजे ज्येष्ठ चालक संपला असे समजायचे का? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी दोन चालकांची तुलना नेमकी करायची कशी, हे समजून घेतले पाहिजे. त्यासाठी मायकेल शूमाकर आणि निको रोसबर्ग यांच्या २०१० ते २०१२ या तीन हंगामांइतके उत्तम उदाहरण दुसरे नाही.

सहकारी हाच खरा मापदंड

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ आपली मोटार स्वतः घडवतो. त्यामुळे एका संघाचा चालक दुसऱ्या संघाच्या चालकापेक्षा पुढे राहिला, तर श्रेय माणसाचे किती आणि यंत्राचे किती, हे सांगता येत नाही. मात्र प्रत्येक संघात दोन चालक असतात आणि त्यांना एकाच आराखड्याची मोटार, एकच इंजिन आणि तेच टायर मिळतात. एकाच खेळपट्टीवर, त्याच गोलंदाजीसमोर खेळणाऱ्या दोन सलामीवीरांची तुलना जशी अधिक न्याय्य ठरते, तसेच हे आहे. म्हणूनच संघसहकारी हा चालकाचा पहिला प्रतिस्पर्धी मानला जातो.

शूमाकर २००६च्या अखेरीस निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर सात विश्वविजेतेपदे आणि ९१ विजय होते. तीन वर्षांच्या विश्रांतीनंतर २०१० मध्ये तो मर्सिडीजच्या नव्या संघातून परतला. त्या वेळी त्याचे वय ४१ होते. हंगामाच्या प्रारंभी २४ वर्षांचा असलेला त्याचा सहकारी रोसबर्ग हा १९८२चा विश्वविजेता केके रोसबर्गचा मुलगा. मात्र तोवर त्याने एकही ग्रां प्री जिंकलेली नव्हती. जुना सम्राट या तरुणाला सहज मागे टाकील, अशीच बहुतेकांची अपेक्षा होती.

प्रत्यक्षात घडले ते उलटेच. २०१० मध्ये रोसबर्गने १४२ गुण मिळविले, तर शूमाकरने ७२. २०११ मध्ये हे आकडे अनुक्रमे ८९ आणि ७६ होते, तर २०१२ मध्ये ९३ आणि ४९. तीन वर्षांची बेरीज रोसबर्ग ३२४, शूमाकर १९७. रोसबर्गने २०१२ मध्ये चीनची शर्यत जिंकली. शूमाकरच्या वाट्याला तीन वर्षांत केवळ एकदा, २०१२ मध्ये व्हॅलेन्सिया येथे, तिसरे स्थान आले. पुनरागमन फसले, हा निष्कर्ष तेव्हाच निघाला आणि आजही तो सर्रास सांगितला जातो. तथापि, बेरजेच्या पोटात शिरले की चित्र बदलू लागते.

एका फेरीचा वेग

निखळ वेग मोजण्याचे साधन म्हणजे पात्रता फेरी. मोटारीत इंधन कमी, टायर ताजे आणि उद्दिष्ट एकच, एका फेरीत शक्य तितका कमी वेळ. डावपेच, वाहतूक किंवा सहकाऱ्याशी झुंज यांचा परिणाम येथे सर्वांत कमी असतो. म्हणून जाणकार आधी पाहतात ते हे, की हंगामात किती वेळा कोण सहकाऱ्याच्या पुढे होता.

२०१० मध्ये १९ शर्यतींपैकी १४ वेळा रोसबर्ग पुढे होता. २०११ मध्ये १९ पैकी १६ वेळा. येथवर वाद नाही. तरुण सहकारी वेगवान होता, तोही बऱ्यापैकी. पण २०१२ मध्ये २० शर्यतींचा निकाल लागला १०-१० असा. त्या वर्षी मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर, जेथे मोटारीपेक्षा चालकाचे कसब अधिक पणाला लागते, ४३ वर्षांच्या शूमाकरने १ मिनिट १४.३०१ सेकंद अशी सर्वांत जलद फेरी नोंदविली. रोसबर्ग १४७ सहस्रांश सेकंदांनी मागे, तिसरा होता.

वय तर एकाच दिशेने चालते. वयामुळे चालक मंदावला असता, तर ४१व्या वर्षी असलेले अंतर ४३व्या वर्षी वाढायला हवे होते. ते मिटले. याचा अर्थ २०१०च्या अपयशाचे कारण केवळ वय नव्हते. शूमाकर परतला तेव्हा खेळच बदललेला होता. शर्यतीदरम्यान इंधन भरण्याची सोय त्याच वर्षी बंद झाली. पुढचे टायर अरुंद करण्यात आले आणि मोटारीचे तोंड चटकन वळावे, अशी सवय असलेल्या शूमाकरला ते मानवेनात. हंगाम सुरू असताना सराव चाचण्यांवर बंदी आली होती. पूर्वी चाचणी मार्गावर हजारो किलोमीटर मोटार पळवून तो अशा अडचणींवर मात करीत असे, ती वाट आता उरली नव्हती. त्याला जे शिकायचे होते ते शर्यतीच्या दिवशी, साऱ्या जगासमोर शिकावे लागले. त्यात दोन वर्षे गेली.

शर्यतीचा दिवस

पात्रता फेरीत गुण मिळत नाहीत. गुण मिळतात शर्यतीत, आणि तेथे आणखी काही गोष्टी लागतात. सुरुवातीची झेप, गर्दीतून वाट काढणे, टायर राखणे, पिटमध्ये केव्हा यायचे याचे भान. अनुभवाचे मोल येथे दिसते. २०११ मध्ये पात्रता फेरीत १६-३ असा पराभव होऊनही गुणांत शूमाकर केवळ १३ने मागे राहिला, त्याचे रहस्य हेच आहे.

त्या वर्षीची बेल्जियमची शर्यत पाहा. पात्रता फेरीत चाक निखळल्याने शूमाकरला सर्वांत शेवटून, २४व्या स्थानावरून सुरुवात करावी लागली. रोसबर्ग पाचव्या स्थानावर होता आणि पहिल्या फेरीत त्याने आघाडीही घेतली. शर्यत संपली तेव्हा शूमाकर पाचवा आणि रोसबर्ग सहावा होता. दोन महिन्यांनी, ३० ऑक्टोबर २०११ रोजी, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली ग्रां प्री झाली. तेथेही रोसबर्गने सातव्या स्थानावरून सुरुवात केली, शूमाकरने अकराव्या. निकाल पुन्हा तोच, शूमाकर पाचवा, रोसबर्ग सहावा. घड्याळाने शनिवारी दिलेला कौल रविवारी फिरला होता.

अर्थात, नाण्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. समोरच्या मोटारीवर मागून आदळण्याचे प्रकार शूमाकरच्या हातून वारंवार घडले. २०११ मध्ये सिंगापूरला सर्जियो पेरेझ, २०१२ मध्ये स्पेनला ब्रुनो सेना आणि पुन्हा सिंगापूरला ज्याँ-एरिक व्हर्न. स्पेनमधील चुकीची शिक्षा म्हणून मोनॅकोतील ती सर्वोत्तम फेरी वाया गेली आणि पहिल्याऐवजी सहाव्या स्थानावरून त्याला सुरुवात करावी लागली. ही चूक यंत्राची नव्हती.

एका हंगामाचे दोन तुकडे

आता २०१२च्या ९३ विरुद्ध ४९ या आकड्यांकडे वळू. पात्रता फेरीत बरोबरी असताना गुण निम्मेच कसे? पहिल्या सात शर्यतींत रोसबर्गने ६७ गुण मिळविले, शूमाकरने अवघे दोन. या सातांपैकी पाच शर्यती त्याला पूर्णच करता आल्या नाहीत. स्पेनचा दोष त्याचा. पण ऑस्ट्रेलियात गिअरबॉक्सने दगा दिला, मोनॅकोत इंधनाचा दाब गेला, कॅनडात मागील पंखाची झडप उघडीच राहिली. चीनमध्ये तो पहिल्या रांगेतून सुटला होता आणि रोसबर्गच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर धावत असताना पिटमध्ये चाक नीट बसविले गेले नाही. त्याच दिवशी रोसबर्गने आयुष्यातला पहिला विजय मिळविला.

उरलेल्या १३ शर्यतींचा हिशेब वजाबाकीने सहज निघतो. शूमाकर ४७, रोसबर्ग २६. या काळात दोघांनाही प्रत्येकी तीन शर्यती अर्ध्यावर सोडाव्या लागल्या. अबुधाबीत तर यंत्र बिघडून अचानक मंदावलेल्या आपल्या नारायण कार्तिकेयनच्या मोटारीवर रोसबर्ग आदळला होता. म्हणजे दुर्दैवाचे माप जेव्हा सारखे झाले, तेव्हा ज्येष्ठ चालक पुढे होता. याच हंगामाची बेरीज सांगणारा माणूस खोटे बोलत नाही, पण तो पूर्ण सत्यही सांगत नाही.

मापाचेही माप

तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र त्या वेळी कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. आपण ज्या पट्टीने मोजतो, त्या पट्टीची लांबी किती? २०१० मध्ये रोसबर्ग हा एकही विजय नसलेला तरुण होता, म्हणून त्याच्याकडून हरणे नामुष्कीचे वाटले. शूमाकरच्या जागी २०१३ मध्ये लुइस हॅमिल्टन आला आणि पट्टीचीच परीक्षा सुरू झाली. पहिल्या वर्षी हॅमिल्टनचे १८९ गुण, रोसबर्गचे १७१. २०१४ मध्ये हॅमिल्टन विश्वविजेता झाला, पण पोल पोझिशन रोसबर्गने अकरा वेळा पटकावली, हॅमिल्टनने सात वेळा. २०१६ मध्ये ३८५ विरुद्ध ३८० गुणांनी हॅमिल्टनला हरवून रोसबर्ग विश्वविजेता झाला आणि अवघ्या पाच दिवसांत निवृत्तही.

आता मागे वळून पाहावे. पुढे ज्याने हॅमिल्टनपेक्षा अधिक पोल मिळविल्या, त्याच रोसबर्गशी ४३ वर्षांच्या शूमाकरने पात्रता फेरीत १०-१० अशी बरोबरी साधली होती. आकडे तेच राहिले, त्यांचा अर्थ बदलला.

पण हा अर्थ उमगला तेव्हा उशीर झाला होता. सप्टेंबर २०१२च्या अखेरीस मर्सिडीजने हॅमिल्टनला करारबद्ध केल्याचे जाहीर केले आणि ४ ऑक्टोबरला शूमाकरने दुसऱ्यांदा निवृत्ती जाहीर केली. संघाचा निर्णय भविष्याच्या दृष्टीने योग्यच ठरला, हे पुढील विजेतेपदांनी सिद्ध केले. परंतु ‘म्हातारा मंदावला’ हे त्यामागचे कारण म्हणून सांगितले जाते, ते २०१२च्या आकड्यांत सापडत नाही.

तुलनेची किंमत

अशा तुलनेवर चालकांची आयुष्ये ठरतात. मुंबईचा जेहान दारुवाला २०२० मध्ये फॉर्म्युला टूमध्ये आला, तेव्हा कार्लिन संघात त्याचा सहकारी होता जपानचा युकी त्सुनोडा. दोघेही रेड बुलच्या युवा योजनेतले, दोघेही या गटात नवखे. त्सुनोडा तिसरा आला आणि पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये पोचला. जेहान बारावा आला. दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, प्रेमा संघात जेहान अनुभवी होता आणि फॉर्म्युला थ्रीचा विजेता डेनिस हाउगर नवखा. तेथे जेहान सातवा आणि हाउगर दहावा आला. पण दार एकदाच उघडते, आणि ते उघडले तेव्हा शेजारी कोण उभा होता, याला अतोनात महत्त्व येते.

म्हणून शेंद्र्यातून ओळखीच्या झालेल्या त्या चार कड्यांच्या मोटारी पडद्यावर धावताना पाहाल, तेव्हा हल्केनबर्ग आणि बोर्तोलेतो यांचा निवाडा करण्याची घाई करू नये. ऑडीने ताब्यात घेतलेल्या सॉबर संघात २०२५ मध्ये हे दोघे एकत्रच होते. पात्रता फेरीत नवख्या बोर्तोलेतोने ज्येष्ठ सहकाऱ्याला अनेकदा मागे टाकले. हंगामाअखेर गुण मात्र हल्केनबर्गचे ५१ होते आणि बोर्तोलेतोचे १९. त्यातच सिल्व्हरस्टोनला १९व्या स्थानावरून सुटून हल्केनबर्गने तिसरे स्थान पटकावले. २३९ शर्यतींच्या कारकिर्दीत तो प्रथमच विजयमंचावर चढला, वयाच्या ३७व्या वर्षी.

पाहायचे ते क्रमाने. आधी पात्रता फेरीतले अंतर, मग शर्यतीत मिळविलेली किंवा गमावलेली स्थाने, मग मोटारीने दिलेला दगा वजा करून उरलेला हिशेब, आणि अंतर वाढते आहे की मिटते आहे ही दिशा. या चारही गोष्टी एकाच बाजूला झुकल्या, तरच ज्येष्ठाने थांबावे असे म्हणता येईल. शूमाकरच्या बाबतीत २०१० मध्ये त्या झुकल्या होत्या. २०१२ मध्ये नव्हत्या. मधल्या दोन वर्षांत जे घडले, त्याला साध्या मराठीत ‘नव्याने शिकणे’ म्हणतात. त्याची दखल मात्र गुणतक्त्यात घेतली जात नाही.