शिळा, दफ्तर आणि रहिवासी : बंगळूरच्या मिथिक सोसायटीचे कार्य

बंगळूरच्या दक्षिणेकडील जयनगर हे उपनगर १९४८ साली वसविण्यात आले. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वोडेयर यांच्या नावावरून त्याचे नामकरण झाले, आणि त्याचे अंतर्गत विभाग पहिला ब्लॉक, दुसरा ब्लॉक अशा क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले. मात्र या क्रमांकांच्या मधूनच बैरसंद्र, सिद्धापुर, यडियूर ही जुन्या गावांची नावे आजही कानी पडतात. आखीव नगराने गावांची जमीन घेतली. नावे मात्र पूर्णपणे घेतली नाहीत. बंगळूरमधील स्थानिक इतिहासकार्याला जो प्रश्न सोडवावा लागतो तो या दुहेरी नामव्यवस्थेत सामावलेला आहे : ज्या गावाचे शहर झाले, त्या गावाचा लिखित पुरावा कोठे राहतो आणि तो कोणाच्या मालकीचा मानायचा?

या क्षेत्रातील शहराची सर्वांत जुनी संस्था म्हणजे १९०९ साली स्थापन झालेली मिथिक सोसायटी. तिच्या स्थापनेत एफ. जे. रिचर्ड्स हे सनदी अधिकारी आणि फादर टॅबार्ड हे धर्मोपदेशक अग्रभागी होते. म्हैसूरचे रेसिडेंट सर ह्यू डेली यांच्या नावाचे सभागृह नृपतुंग रस्त्यावर उभे राहिले आणि संस्थेचे त्रैमासिक विद्वन्मान्य झाले. त्याच १९०९ साली म्हैसूरमध्ये शामशास्त्री यांनी कौटिलीय अर्थशास्त्राची संहिता प्रसिद्ध केली, हा योगायोग संस्थानातील तत्कालीन बौद्धिक वातावरणाची कल्पना देण्यास पुरेसा आहे. तरीही संस्थेच्या या पहिल्या पर्वाची मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. तिची भाषा प्राधान्याने इंग्रजी होती, श्रोतृवर्ग मर्यादित होता, आणि ज्यांच्या गावात लेख सापडत त्यांना त्या लेखांचे वाचन क्वचितच कळत असे.

शिलालेखांच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. बी. लुईस राईस यांच्या 'एपिग्राफिया कर्नाटिका' या ग्रंथमालेचा बंगळूर जिल्ह्याला वाहिलेला नववा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. लेख छापला गेला की तो सुरक्षित झाला, असा समज त्यानंतर दृढ झाला असावा. ग्रंथात लेख राहिला. शिळा मात्र पायरीखाली, गटाराच्या काठी किंवा नव्या इमारतीच्या पायात जात राहिली. शहर वाढले त्या प्रमाणात ही हानी वाढली. नष्ट झालेल्या शिळेचे छापील वाचन पुन्हा ताडून पाहता येत नाही, म्हणजेच पाठचिकित्सेची वाटच बंद होते.

या परिस्थितीत २०१७-१८ च्या सुमारास काही नागरिकांनी राईस यांची सूची हाती घेऊन गावोगाव, किंबहुना गल्लोगल्ली, शिळांचा शोध आरंभिला. पुढे २०२१ पासून मिथिक सोसायटीने बंगळूरच्या शिलालेखांचे त्रिमितीय अंकीय जतन करण्याचा प्रकल्प हाती घेतला. कामाची पद्धत वरकरणी साधी आहे. जुन्या नोंदीवरून जागा निश्चित करावयाची, वृद्ध रहिवाशांना विचारावयाचे, शिळेवरील माती आणि रंगाचे थर काळजीपूर्वक काढावयाचे, त्रिमितीय प्रतिमा घ्यावयाची, आणि मग त्याच वस्तीतील लोकांना लेखाचा अर्थ सांगावयाचा. यातील शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. ज्या दगडावर कपडे धुतले जात होते, त्यावर आपल्या गावाचे हजार वर्षांपूर्वीचे नाव कोरलेले आहे असे कळल्यावर तो दगड हलविण्यास लोक सहजासहजी संमती देत नाहीत. संग्रहालयाचे कुंपण जे साधते, ते येथे अर्थबोध साधतो.

हेब्बाळ येथील उदाहरण बोलके आहे. २०१८ साली तेथे उजेडात आलेला कित्तय्या नावाच्या वीराचा लेख गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातील, सुमारे इ. स. ७५० चा मानला जातो. शिळा दूर न नेता तेथेच तिच्यासाठी मंडप उभारण्यात आला. बेगूरच्या नागेश्वर मंदिरातील, सुमारे नवव्या शतकाच्या अखेरीचा वीरलेख याहून अधिक परिचित आहे. त्यात बंगळूरच्या लढाईचा उल्लेख येतो. उकडलेल्या शेंगदाण्यांवरून नव्हे, तर उकडलेल्या कडधान्यावरून शहराला नाव पडले अशी होयसळ राजा बल्लाळाची जी कथा सांगितली जाते, ती या लेखापुढे कालदृष्ट्या टिकत नाही. तथापि लोककथेचे महत्त्व त्यामुळे संपत नाही. ती नावाचा उगम सांगत नसून नावाशी असलेली जवळीक सांगते, आणि तौलनिक अभ्यासकाला दोन्ही पुरावे हवे असतात.

पुण्यातील समांतर उदाहरण येथे उद्बोधक ठरते. मिथिक सोसायटीनंतर एका वर्षाने, १९१० साली, वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. तेथील प्रेरणा शिळेची नसून दफ्तराची होती. वाड्यांच्या माळ्यांवरील रुमाल आणि बाडे वाळवी, ओल आणि वारसांची उदासीनता यांपासून वाचवावयाची तर ती हलविणेच भाग होते. कागद हलविला तर वाचतो, शिळा हलविली तर तिचा अर्धा अर्थ जातो. दोन संस्थांच्या कार्यपद्धतीतील भेद बहुतांशी या भौतिक कारणातून निर्माण झाला आहे. विचारसरणीचे भेद त्यात नंतर शोधता येतील.

पण हलविण्याची किंमत कागदालाही द्यावी लागते. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने बंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये याने रचिलेले 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रकाशात आणले. संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतील पद्ये त्यात आहेत. दक्षिणेतील बहुभाषिक दरबाराचा इतका जिवंत पुरावा विरळा. मराठी इतिहासलेखनात मात्र ते मुख्यतः शिवपूर्वकाळाचे साधन म्हणून वाचले गेले. बंगळूरमध्ये भोसल्यांची कारकीर्द म्हणजे केंपेगौडा आणि वोडेयर यांच्यामधील एक छोटा टप्पा. एकीकडे प्रस्तावना, दुसरीकडे मध्यंतर. बंगळूरची साहित्यकृती म्हणून या चंपूकडे पाहण्याची जागा दोन्हीकडे अरुंदच राहिली.

शिळेचे दैव याबाबतीत थोडे बरे. शहाजींचे पुत्र एकोजी यांनी मल्लपुरच्या देवालयाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा १६६९ चा लेख मल्लेश्वरम् या वस्तीच्या पूर्वनामाचा पुरावा म्हणून तेथील रहिवाशांना परिचित आहे. दाता भोसले कुळातील आहे याचे त्यांना वावडे नाही. लेख त्यांच्या देवळाचा, त्यांच्या वस्तीचा आहे. चंपूला असा शेजार लाभला नाही. त्रिमितीय प्रतिमा आता दूरच्या अभ्यासकालाही शिळेचे अक्षर न् अक्षर फिरवून पाहू देते आणि जुन्या वाचनांची फेरतपासणी शक्य करते. मात्र प्रतिमा घेतली म्हणून शिळेची निगा सैल पडली, तर १९०५ नंतर जे घडले तेच पुन्हा घडेल. म्हणूनच प्रतिमा घेणाऱ्यांना तेथील रहिवाशांशी बोलल्यावाचून पुढच्या शिळेकडे वळता येत नाही.