सरीसृपांचे घर : काच की ॲक्रिलिक?

घरात मासे पाळण्याची हौस आपल्याकडे जुनीच. अलीकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत परदेशी सरडे, कासवे आणि बिनविषारी साप पाळणारे हौशी लोकही दिसू लागले आहेत. माशांची टाकी कोणत्याही पेठेत तयार मिळते. सापासाठी वा सरड्यासाठी योग्य मापाचे घर मात्र सहसा मिळत नाही आणि मिळालेच तर ते महाग असते. मग सुताराला हाताशी धरून ते घरीच करवून घेण्याचा बेत ठरतो. प्लायवुड येते, मापे घेतली जातात आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो दर्शनी बाजूचा : तेथे काच बसवावी की ॲक्रिलिक? बहुतेकदा हा प्रश्न दुकानातल्या भावावर, नाहीतर दिसण्यावर सोडवला जातो. वास्तविक उष्णता, ओल, वजन आणि सुरक्षितता या चार गोष्टी त्या एका पारदर्शक भिंतीवर अवलंबून असतात आणि त्यांत झालेल्या चुकीची किंमत मोजावी लागते ती आत राहणाऱ्या मुक्या जिवाला.

आधी कायदा

भारतीय अजगर, घोरपड, स्टार कासव यांसारखे देशी प्राणी घरात ठेवणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांपैकी ज्या जाती 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यांची नोंदणी २०२२च्या दुरुस्तीने आणि त्यानुसार २०२४मध्ये आलेल्या नियमांनी बंधनकारक केली आहे. ही नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळामार्फत होते. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला, घाबरला की अंगाचा चेंडू करून बसणारा बॉल पायथन हा अशा नोंदणीयोग्य प्राण्यांतला सर्वांत परिचित. कागदपत्रांविना कोणी तो विकत असेल तर घराचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. पुढील विवेचनात उदाहरणादाखल त्याचेच घर गृहीत धरले आहे. पूर्ण वाढलेल्या, चार-पाच फूट लांबीच्या या सापाला चार फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच एवढी जागा तरी हवी.

दोन पदार्थ, दोन स्वभाव

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९मध्ये जगातले पहिले सरीसृपगृह उघडले तेव्हा काचेला पर्यायच नव्हता. ॲक्रिलिक आले ते १९३०च्या दशकात. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने ते 'प्लेक्सिग्लास' या नावाने १९३३मध्ये बाजारात आणले. ब्रिटनमध्ये ते 'पर्स्पेक्स' म्हणून ओळखले गेले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छत्र्या त्याच्या बनल्या, कारण ते हलके होते आणि सहजी फुटत नव्हते. हे दोन गुण आजही त्याची खरी ताकद आहेत.

वजनाचा हिशेब सोपा आहे. सहा मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन १५ किलो भरते. तेवढ्याच ॲक्रिलिकचे सुमारे ७ किलो. चार बाय दोन बाय दोन फुटांची, वरून उघडी पेटी संपूर्ण काचेची केली तर तिचे वजन ४० किलोच्या पुढे जाते. ॲक्रिलिकमध्ये ते २० किलोच्या आसपास राहते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला हा फरक समजावून सांगायला नको. शिवाय साधी काच फुटली की तिचे धारदार तुकडे होतात. ॲक्रिलिक आघात कितीतरी अधिक सोसते आणि तडकले तरी तुलनेने कमी धारदार तुकडे होतात. घरात लहान मुले आणि चेंडू असतील तर हा मुद्दा वजनदार ठरतो.

पारदर्शकतेतही ॲक्रिलिक मागे नाही. ते सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार सोडते, म्हणजे साध्या काचेपेक्षा किंचित अधिकच. तेव्हा दुकानात शेजारी ठेवून पाहिले तर ॲक्रिलिकचे पारडे जड वाटते. अडचणी सुरू होतात त्या ते पेटीला बसवल्यानंतर.

वाकणारी भिंत

सरीसृप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाहीत. म्हणून त्यांच्या घरात एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवावी लागते. बॉल पायथनसाठी उबदार कोपरा ३१-३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५-२६ अंश असावी. हवेत ओलही हवी. म्हणजे पारदर्शक भिंतीच्या आतल्या अंगाला ऊब व दमट हवा आणि बाहेरच्या अंगाला खोलीतली कोरडी हवा अशी स्थिती दिवसरात्र राहते.

काचेला याचे सोयरसुतक नसते. तापमान १५ अंशांनी वाढले तर चार फुटांची काच जेमतेम ०.१६ मिलिमीटर लांबते. तेवढेच ॲक्रिलिक सव्वा मिलिमीटर लांबते. त्यात ॲक्रिलिक हवेतला ओलावा थोडा शोषून घेते आणि ओल्या बाजूने फुगते. दोन्ही परिणाम मिळून पातळ पत्रा आतल्या बाजूला फुगीर होतो. तीन मिलिमीटरचे सरकते दार काही आठवड्यांत धनुष्यासारखे वाकलेले दिसते ते यामुळेच. वाकलेले दार खाचेत अडकते आणि ते जोर लावून सरकवावे लागते. किंवा खाचेतून सुटते आणि कोपऱ्यात फट पडते. साप रात्री नाकाने प्रत्येक कोपरा चाचपतो आणि अशी फट त्याला सापडतेच. निसटलेला साप फ्रिजच्या मागे किंवा मोरीच्या पाइपात शिरतो. त्यानंतर त्याचे काय होईल ते शेजाऱ्यांच्या भीतीवर अवलंबून असते.

ॲक्रिलिकच वापरायचे असेल तर मोठ्या दारासाठी सहा मिलिमीटरपेक्षा कमी जाडी घेऊ नये. पत्रा चारही बाजूंनी चौकटीत धरलेला असावा. स्क्रूची भोके स्क्रूपेक्षा मोठी ठेवावीत आणि स्क्रू करकचून आवळू नयेत. पत्र्याला फुलायला जागा हवी.

ऊब राखण्याचा प्रश्न

'ॲक्रिलिक उष्णता धरून ठेवते' असे विक्रेते आवर्जून सांगतात. ते खोटे नाही. ॲक्रिलिकची उष्णतावाहकता काचेच्या सुमारे एक पंचमांश असते. परंतु सहा मिलिमीटरच्या पातळ भिंतीत मुख्य अडथळा असतो तो दोन्ही अंगांना चिकटून असलेल्या हवेच्या थरांचा. तो धरून हिशेब मांडला तर काचेऐवजी ॲक्रिलिक वापरल्याने उष्णतेची गळती जेमतेम १०-१५ टक्क्यांनी घटते. याउलट १८ मिलिमीटरच्या प्लायवुडने ती सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. म्हणून हिवाळ्यात नाशिक-पुण्याच्या गारठ्याची चिंता असेल तर काच की ॲक्रिलिक हा वाद घालण्यापेक्षा मागची भिंत, दोन्ही बाजू आणि छत प्लायवुडचे करून फक्त पुढची बाजू पारदर्शक ठेवणे शहाणपणाचे. आतून ओल लागू नये म्हणून लाकडावर जलरोधक लेप मात्र हवाच.

या रचनेचा दुसराही फायदा आहे. चारही बाजूंनी पारदर्शक पेटी माणसाला देखणी वाटते. सापाला ती उघड्या मैदानासारखी वाटते. लपायला आडोसा नसलेला साप अन्न नाकारतो आणि न दिसणाऱ्या भिंतीवर नाक घासून जखमी होतो. तीन बाजू बंद असल्या की तो स्थिरावतो.

दिवा, ऊन आणि अतिनील किरण

उष्णतेचा दिवा ॲक्रिलिकच्या जवळ असू नये. १०० अंशांच्या आसपास ते मऊ पडते, पण त्याच्या बरेच आधी त्याचा आकार बिघडू लागतो. काच तापमान सोसते, परंतु तापमानातला फरक सोसत नाही. साध्या काचेच्या दोन भागांत सुमारे ४० अंशांचा फरक पडला की ती तडकू शकते. तापलेल्या काचेवर थंड पाण्याचा फवारा मारणे किंवा काचेच्या तळाखाली गरम होणारी चटई हवा खेळायला जागा न ठेवता चिकटवणे, ही त्याची नेहमीची कारणे.

अतिनील किरणांबाबतचा गैरसमज अधिक घातक आहे. ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा किंवा दिवसा उन्हात चरणारी कासवे यांना २८० ते ३१५ नॅनोमीटर पट्ट्यातले अतिनील-ब किरण लागतात. त्यांच्या साहाय्याने शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि हाडांना कॅल्शियम मिळते. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. बाजारात मिळणारे साधे ॲक्रिलिकही अडवते. तेव्हा दिवा पारदर्शक छताच्या वर ठेवला तर प्रकाश दिसतो, उपयोग मात्र होत नाही. काही महिन्यांत प्राण्याची हाडे मऊ होतात, जबडा आणि पाय वाकतात. दिवा आत, प्राण्याचे अंग भाजणार नाही अशा अंतरावर आणि जाळीच्या संरक्षणात असावा.

म्हणून कोणी पेटीच बाल्कनीतल्या उन्हात नेऊन ठेवतो. त्याहून मोठा धोका नाही. काच असो वा ॲक्रिलिक, बंद पेटीत ऊन शिरते आणि तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात अशी पेटी थोड्याच वेळात भट्टी होते आणि सावलीला जाण्याची वाट नसलेला प्राणी दगावतो.

ओरखडे आणि सफाई

ॲक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात. बॉल पायथनला नखे नसतात, त्यामुळे त्याच्याकडून फारसा त्रास नाही. सरडा किंवा कासव असेल तर वर्षभरात खालची पट्टी धुरकट होते. वाळूचा कण अडकलेले फडकेही पुरेसे असते. घराघरांत असलेले अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर किंवा अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्राव ॲक्रिलिकवर वापरला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. त्याला सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड एवढेच चालते. सापाच्या घराचे वरचेवर निर्जंतुकीकरण करावे लागते हे ध्यानात घेता, काचेचा हा गुण लहान नाही.

ॲक्रिलिकची बाजू सरस ठरते ती भोके पाडताना. हवा खेळण्यासाठी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर भोके हवीत. ॲक्रिलिकमध्ये ती घरच्या ड्रिलने, मागे लाकडाचा आधार देऊन आणि हळू गतीने पाडता येतात. काचेला ती दुकानातच पाडून घ्यावी लागतात. टफन्ड काच घेणार असाल तर भोके आणि माप दोन्ही आधीच पक्के हवे. एकदा टफन केलेली काच कापता येत नाही, छेदता येत नाही.

बसवताना

सरकत्या दारांसाठी वरची खाच खोल आणि खालची उथळ ठेवावी. काच वर उचलून खाली बसवता येते आणि सफाईसाठी काढताही येते. मात्र आतून ढकलून ती उचलली जाणार नाही एवढी ती खोल बसायला हवी. दोन काचा एकमेकींवर सरकतात तेथे मधे काही मिलिमीटरची फट उरते. सापाचे पिलू किंवा लहान पाल तेवढ्यातून जाते. डोके गेले की अंग जातेच. न्हाणीघरातल्या काचेच्या दाराला लावतात तशी पारदर्शक पट्टी तेथे चिकटवावी. दुकानाच्या शोकेसला असते ते दातेरी पट्टीचे कुलूप अनिवार्य समजावे. काचेच्या कडा दुकानातूनच घासून आणाव्यात.

जोडकामाचे पदार्थही वेगळे आहेत. काचेला सिलिकॉन उत्तम धरते. ॲक्रिलिकला ते नीट धरत नाही. नामफलक करणारे कारागीर ॲक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्मसारखे द्रावक वापरतात. त्याची वाफ विषारी असते, म्हणून ते काम मोकळ्या हवेतच व्हावे. सिलिकॉन घेताना बुरशीनाशक मिसळलेला प्रकार टाळावा. दोन्ही बाबतींत वास पूर्णपणे जाईपर्यंत, निदान आठवडाभर, पेटी रिकामी व उघडी ठेवावी. सापाची घाई नसते, घाई आपल्याला असते.

तात्पर्य

कायम एका जागी राहणाऱ्या, उबदार व दमट घरासाठी प्लायवुडचा सांगाडा आणि पुढे पाच-सहा मिलिमीटरची काच ही रचना सर्वांत भरवशाची. लहान मुले असतील तर ती काच टफन्ड घ्यावी. वरचेवर हलवायची लहान पेटी, डॉक्टरांकडे नेण्याचा डबा किंवा हवेसाठी भोके पाडायची बाजूची पट्टी यांसाठी ॲक्रिलिक योग्य. बॉल पायथन चांगल्या निगेत २०-३० वर्षे जगतो. एवढ्या वर्षांच्या सोबतीसाठी भिंत निवडताना पहिल्या दिवशी ती किती चकचकीत दिसते हे गौण आहे. चार पावसाळ्यांनंतर ती सरळ उभी असेल का, स्वच्छ राहील का आणि घट्ट बंद होईल का, एवढेच तीन प्रश्न दुकानात उभे राहून स्वतःला विचारावेत.