खरवडण्यासाठीच रंगवलेलं चित्र

स्केटबोर्डवरचं चित्र बोर्डाच्या पोटाला असतं. वर पाय ठेवायच्या जागी काळी, खरखरीत ग्रिप टेप असते, त्यामुळे चालवणाऱ्याला स्वतःचं चित्र दिसतच नाही. बोर्ड हवेत उलटला की समोरच्याला ते निमिषभर दिसतं. लोखंडी कठड्यावरून बोर्ड घसरवला की रंग खरवडून निघतो. असं असूनही जगभरची मुलं घरी बसून तासन्‌तास या फळ्या रंगवतात, आणि मला हे फार मोलाचं काम वाटतं.

या कलेचा उगमच घरगुती आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या परिसरात 1970 च्या दशकात वेस हम्पस्टन मित्रांच्या बोर्डांवर हाताने चित्रं काढायचा. त्यातूनच पुढे डॉगटाउन या कंपनीचे बोर्ड बाजारात आले. चित्रकार जिम फिलिप्सचं किंचाळणाऱ्या निळ्या हाताचं बोर्डचित्र 1985 चं. तेव्हा कारखान्यातली चित्रं स्क्रीन प्रिंटिंगने, एकेक रंग चढवून छापली जात. पुढे उष्णतेने चिकटवायची तयार फिल्म आली आणि बोर्ड स्वस्तात, भराभर छापले जाऊ लागले. हाताने रंगवणाऱ्यांनी मात्र कुंचला सोडला नाही.

आपल्याकडे लवासा या डोंगरातल्या वसाहतीत, म्हणजे मुळशीतल्या दासव्याच्या एखाद्या घरात, हे काम करायचं तर पहिली गाठ हवेशी पडते. पुण्याहून सुमारे 60 किलोमीटरवर, टेमघरचा घाट ओलांडून, वरसगाव जलाशयाच्या काठी हे गाव वसलंय. पावसाळ्यात इथे भिंतींनाही घाम येतो. डेक, म्हणजे बोर्डाची फळी, म्हणजे बहुधा मेपलचे सात पातळ थर गोंद लावून दाबलेले. त्यांतले दोन आडव्या रेषांचे, बाकीचे उभ्या. कडेने पाणी शिरलं की थर सुटू लागतात. शिवाय दमट दिवशी लॅकर मारलं तर ओल अडकून त्यावर पांढुरकी झाक येते आणि सगळा रंग मळकट दिसतो. म्हणून रंगकाम दिवाळीनंतर काढावं. पावसाळा कागदावर आराखडे करण्यात घालवावा.

आधी दोन्ही ट्रकचे, म्हणजे चाकं धरणाऱ्या धातूच्या आसांचे, आठ बोल्ट काढायचे. मग 120 नंबरचा पॉलिश पेपर आणि त्यानंतर 220 चा, तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेने. इथे हात आवरावा लागतो. वरचा थर जेमतेम दीड मिलिमीटरचा असतो. जुनं छापील चित्र पूर्ण घालवण्याच्या नादात तो घासून गेला तर बोर्ड कमजोर होतो. मग प्रायमर, त्यावर ॲक्रिलिक. बारीक रेघांना पेंट मार्कर उत्तम, सरळ कडांना मास्किंग टेप. रंग पूर्ण वाळल्याशिवाय वॉर्निश लावू नये, आणि लावायचं तेव्हा पातळ हातांनी, दोन-तीनदा. कडांवर एक हात जास्त द्यावा, कारण पाणी तिथूनच आत जातं.

खरा पेच मांडणीचा. साधारण 8 इंच रुंद आणि 32 इंच लांब अशी ही पट्टी, दोन्ही टोकं वर वळलेली, मध्ये ट्रकची दोन बुडं. चेहरा नेमका मधोमध काढला तर कठड्यावर पहिला तोच जातो. टोकाला काढला तर जमिनीवर घासतो. जाणते रंगारी म्हणून चित्र लांबीभर पसरवतात. कुठूनही थोडं गेलं तरी उरलेलं वाचता येतं.

काय काढावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. लवासाची रंगीत घरं इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर बांधली. म्हणजे वसाहतीचं रूप आधीच उसनं. तिथल्या मुलाने कॅलिफोर्नियाच्या बोर्डांवरची कवटीही उसनी कशाला घ्यावी? जलाशयाला नाव आहे मोसे खोऱ्यातल्या शिवकालीन वीर बाजी पासलकरांचं. आसपासच्या डोंगरांवर सात वर्षांनी फुलणारी कारवी आहे, भाताची खाचरं आहेत. सावंतवाडीच्या चितारींनी दशावतारी गंजिफाच्या 120 पत्त्यांवर देव रंगवले ते खेळण्यासाठीच, बोटांनी झिजण्यासाठीच. त्या गोल पत्त्यावर मत्स्य मावतो, तर या लांब पट्टीवर तो किती डौलात वळेल!

याउलट 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कंपनीच्या 248 डेकचा संच सदबीजच्या लिलावात 8 लाख डॉलरला गेला. भिंतीवर टांगलेली ती रांग मला उदास करते. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक मिळवलं, ते बोर्ड घासूनच. म्हणून रंगवलेला बोर्ड चालवावाच, पण लवासातल्या फरसबंदीवर छोटी कडक चाकं अडखळतात. तिथे 78 ए कडकपणाची, म्हणजे मऊ चाकं लावावीत. घाटातला रस्ता वाहनांचा आहे, तिकडे जाऊ नये. चढ-उतार नसलेली मोकळी जागा, डोक्याला हेल्मेट, आणि नवा रंग निदान आठवडाभर मुरलेला असावा. मग बोर्ड खुशाल कठड्यावर घालावा.