हस्तनिर्मित क्रोशाच्या लेससाठी सुताची निवड : एक विवेचन

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ व भोवतालचा परिसर कापूस पिकविणारा आहे. तथापि शेतातील कापूस आणि देवघरातील रुमालाच्या कडेची क्रोशाची लेस यांच्यामध्ये जिनिंग, सूतगिरणी व रासायनिक प्रक्रिया अशा अनेक पायऱ्या आहेत. लेस शिकविताना नमुना व टाके यांवर भर दिला जातो. सुताचा विचार बहुधा रंगापुरताच होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा असावयास हवा.

लेसमध्ये वस्त्रापेक्षा पोकळीच अधिक असते. म्हणून प्रत्येक टाक्याचा आकार सुताच्या पिळावर टिकतो. एकपदरी, सैल पिळाचे सूत आकडीवर फाटते व त्याचे तंतू सुटतात; अनेकपदरी, घट्ट पिळाचे सूत टाका स्पष्ट दाखविते. खरेदीपूर्वी वीतभर सूत उलट पिळून पदर मोजावेत, इतकी साधी ही परीक्षा आहे.

सुती धाग्याच्या इंग्रजी अंकपद्धतीत एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी, तितका अंक. म्हणजे अंक वाढतो तसे सूत बारीक होते. क्रोशाच्या गुंडीवरील १०, २०, ४० हे क्रमांकही त्याच दिशेने वाढतात, परंतु ते या अंकाशी तंतोतंत जुळत नाहीत. दोन कंपन्यांचे ४० क्रमांकाचे सूत सारखे असेलच असे नाही. त्यामुळे एका कामाचे सर्व सूत एकाच कंपनीचे व एकाच रंगघाण्याचे घ्यावे.

मर्सराइज्ड सुताची चकाकी हा वरवरचा लेप नव्हे. जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. पुढे होरेस लो यांनी सूत ताणून धरून ती केली, तेव्हा चकाकी आली. या प्रक्रियेत तंतू फुगून गोलसर होतो, बळकट होतो व रंग अधिक शोषतो. कृत्रिम धागा स्वस्त व टिकाऊ खरा, पण ओली लेस टाचण्यांनी ताणून वाळविल्यावर सुताइतका आकार धरीत नाही. खळही त्यावर नीट बसत नाही.

मारिया मीस यांनी १९८२ च्या ग्रंथात आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचे श्रम ‘फावल्या वेळचे काम’ समजून कसे अदृश्य केले जातात, हे दाखविले. अशा आठवड्यांच्या श्रमाचा रुमाल पहिल्याच धुण्यात रंग सोडतो, तेव्हा नुकसान सुताच्या किमतीचे नसते. म्हणून गडद रंगाच्या सुताचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून पाहावा, आणि डाग उतरला तर ती गुंडी दुकानदारास परत करावी.