किती देवांचे?

वरूडच्या बाजारात दोन अनोळखी गोंड माणसे भेटली, की नाव-गाव झाल्यावर तिसरा प्रश्न ठरलेला : तुम्ही किती देवांचे? उत्तर एका आकड्यात येते. चार, पाच, सहा किंवा सात. तेवढ्यावर समोरचा माणूस भाऊबंद की सोयरा, हे तिथल्या तिथे कळते. देव सारखे निघाले तर दोघे भाऊ. त्यांच्या पोराबाळांचे लग्न होणार नाही, मग आडनावे वेगळी असली तरी. देव वेगळे निघाले तर सोयरीक जुळू शकते.

वरूड म्हटले की लोकांना संत्रा आठवतो. पण तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, पलीकडे बैतूल आणि पांढुर्णा आहेत, आणि महेंद्रीच्या जंगलाकडची वस्ती राज्याच्या सीमेने तुटलेली नाही. उईके, धुर्वे, कुमरे, परतेती, सलामे ही घराणी दोन्हीकडे आहेत. नकाशा बदलला, पण देवांचा हिशेब बदलला नाही.

ही व्यवस्था एका पुढाऱ्याच्या हातात नसते. गावचा पटेल भांडणतंटे मिटवतो, पाहुण्यांची सोय बघतो. भुमका गावदेवतांचे पाहतो. पेरणीपूर्वीची पूजा त्याच्याशिवाय होत नाही. कुळाच्या देवाचा मान कटोड्याकडे असतो, आणि तो वंशपरंपरेने चालतो. मोठा देव म्हणजे पेर्सा पेन. त्याचे स्थान साजाच्या झाडाशी. भाल्याचे पाते आणि चवरी ही त्याची चिन्हे. चौथा मानकरी परधान. किंगरीवर तो कुळाची उत्पत्ती गातो, कोणते घराणे कुठून आले ते सांगतो. गोंडांचा लिखित इतिहास नव्हता तेव्हा तो परधानाच्या गळ्यात होता. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचा आद्य धर्मगुरू लिंगो याची कथा परधानाकडूनच उतरवून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी 1866मध्ये ती छापली.

सत्ता अशी वाटलेली असल्यानेच ही व्यवस्था टिकली, असे मला ठामपणे वाटते. बैतूलजवळचे खेरल्याचे राज्य गेले. ज्या देवगडच्या बख्त बुलंदाने 1702मध्ये नागपूर वसवले, ते देवगडही गेले. राजा हरला म्हणून कोणाचे देव कमी झाले नाहीत.

कुळात शिरण्याचे दरवाजे तीन : जन्म, लग्न आणि मरण. आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूरला मेश्राम कुळाची नागोबाची जत्रा पौष अमावस्येला भरते. कुळाचे लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. वर्षभरात घरात आलेल्या सुनांची देवापुढे आणि वडीलधाऱ्यांपुढे ओळख करून दिली जाते. त्या विधीला भेटिंग म्हणतात. ते झाल्यावरच सून कुळाची होते. मेलेल्या माणसालाही विधीपूर्वक पूर्वजांत मिळवले जाते. आईच्या माहेराशी नाते पुढच्या पिढीतही राखायचे म्हणून ‘दूध लौटावा’ची सोयरीक होते, मामाच्या घरून आलेल्या बाईची लेक परत मामाच्या घरी दिली जाते.

सरकारने मात्र या माणसांना वेगळाच प्रश्न विचारला : तुमची तहसील कोणती? 1956च्या अनुसूचित जमातींच्या यादीत अमरावती जिल्ह्यातून गोंडांसाठी फक्त मेळघाट तहसील होती. एकाच कुळातला, एकाच देवाला नवस बोलणारा भाऊ मेळघाटातल्या चिखलदऱ्याला आदिवासी ठरे आणि वरूडला ठरत नसे. शिष्यवृत्ती, नोकरी, जमिनीचे संरक्षण, सारे त्या एका रेषेवर अडले. 1976च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवले आणि 1977पासून ते अमलात आले. वीस वर्षांत शाळा सोडून मजुरीला गेलेल्या पोरांची भरपाई त्याने झाली नाही.

पुढे दाखल्याच्या पडताळणीत समाजाचीच रीत परीक्षेला बसली. सर्वोच्च न्यायालयाच्या 1994च्या माधुरी पाटील निकालानंतर देव, लग्नविधी, अंत्यविधी यांची चौकशी होऊ लागली. खोटे दाखले रोखायला ती हवीच होती. पण दोन पिढ्या वीटभट्टीवर आणि संत्र्याच्या बागेत राबलेल्या घरातल्या पोराला देवांचा आकडा सांगता आला नाही, तर दोष त्याचा कसा? 2023मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की अशी आप्तभाव चाचणी हा अखेरचा निकष नव्हे. स्थलांतराने आणि शिक्षणाने चालीरीती बदलतात.

अमेरिकेतल्या चेरोकी लोकांनीही हेच सोसले. त्यांची सात कुळे, आणि कूळ आईकडून मिळते. 1838-39मध्ये त्यांना मायभूमीतून हाकलले, वाटेत हजारो मेले. मग सरकारने नावांची यादी केली, डॉझ यादी. चेरोकी नेशनचे नागरिकत्व आजही त्या यादीत पूर्वज सापडतो का यावर ठरते. कूळ जाणणाऱ्या माणसांचे काम कागदाने घेतले, पण त्यांची जागा त्याला घेता आली नाही.

आपल्याकडे ती जाणती माणसे अजून आहेत. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी कोया पुनेम या गोंड धर्मपरंपरेवर आयुष्यभर लिहिले आणि गोंडांचे तीर्थस्थान असलेल्या कचारगडच्या जत्रेला पुन्हा उभारी दिली. ते 2015मध्ये गेले. प्रत्येक गावाला कंगाली मिळणार नाहीत, पण प्रत्येक घरात एखादी आजी असते. वरूड, मोर्शी, मेळघाटातल्या शिकलेल्या गोंड मुलामुलींना माझी विनंती आहे : या उन्हाळ्यात आजी-आजोबांजवळ बसा. आपले देव किती, देवस्थान कुठे, कोणत्या घराण्याशी भाऊपण, कोणाशी सोयरीक, ते विचारा आणि त्यांच्याच बोलीत वहीत उतरवा. परधान घरांकडून कुळाची गाणी ध्वनिमुद्रित करा, आणि त्यांना मानधन द्या. दाखला कचेरीतून मिळेल. कूळ घरातूनच मिळवावे लागेल.