नेम कानाचा

फर्स्ट पर्सन गेममध्ये खेळणाऱ्याला स्वतःचं पात्र दिसत नाही. दिसतो तो पुढे आलेला हात, हातातली बंदूक आणि समोरचा अंधारा बोळ. पात्राचे डोळे तेच खेळणाऱ्याचे डोळे, सगळा डोलारा नजरेवर उभा. असा खेळ अंध माणूस खेळणार कसा, असं विचारलं की बहुतेकांच्या मनात पहिली शंका येते ती नेमाची. न दिसणाऱ्या शत्रूला गोळी लागणार कशी?

खरी अडचण तिथे नाही. शत्रू गुरगुरतो, धावतो, गोळ्या झाडतो. कानाला हेडफोन असला की तो डावीकडे आहे की उजवीकडे, हे बऱ्यापैकी कळतं. भिंत मात्र गप्प असते. उघडं दार गप्प असतं आणि पुढच्या पावलावरचा खड्डाही. त्यामुळे अंध खेळाडू शत्रूच्या हातून मरण्याआधी कुठल्या तरी कोपऱ्यात भिंतीला नाक लावून अडकतो, आणि आपण अडकलो आहोत हेसुद्धा त्याला कळत नाही.

या गप्प गोष्टींना बोलतं करण्याचा एक फार जिद्दीचा प्रयत्न ‘क्वेक’वर झाला. इड सॉफ्टवेअरचा हा गेम १९९६चा. १९९९च्या अखेरीस कंपनीने त्याच्या इंजिनाचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. पुढे ब्रिटनमधल्या मॅथ्यू अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅग्रिप’ या प्रकल्पातून त्यावर ‘ऑडिओक्वेक’ रचला. अंधांसाठी वेगळा, सोपा गेम करण्यापेक्षा सगळे जो खेळतात तोच उघडून द्यायचा, हा त्यांचा हट्ट. भिंत जवळ आली की आवाज, बाजूला वाट फुटली की वेगळा आवाज, पुढे जमीन खचली असेल तर धोक्याची सूचना. शत्रूंसाठी रडारसारखे ठोके. पडद्यावर उमटणारे संदेश वाचून दाखवायची सोयही होती. त्यामुळे अंध खेळाडू डोळसांच्या सामन्यात उतरू शकले. एवढ्यावर ही मंडळी थांबली नाहीत. खोल्या कशा आहेत आणि कुठली खोली कुठल्या खोलीला जोडलेली आहे, हे नुसत्या मजकुरात लिहून अंध माणसाला स्वतःची लेव्हल उभी करता यावी, यासाठीही त्यांनी साधनं बनवली. ऑडिओक्वेकमधली सगळ्यात धीट गोष्ट हीच म्हणावी लागेल. खेळायला मिळणं वेगळं आणि दुसऱ्यांना पेचात टाकणारं तळघर स्वतः बांधणं वेगळं.

जुन्या गेममध्ये एक सोय आयतीच होती. १९९३च्या मूळ ‘डूम’मध्ये मान वर-खाली करता येत नसे. शत्रू उंचवट्यावर असला तरी दिशा बरोबर असली की नेम आपोआप वर चढायचा. प्रश्न उरायचा तो डाव्या-उजव्याचा, आणि त्या कामात आपले दोन कान पटाईत असतात. आवाज समोरून आला की पाठीमागून, हे ओळखताना मात्र ते गडबडतात. कानाच्या पाळीवर आपटून आवाजात होणारे बारीक बदल संगणकाने हुबेहूब उतरवले तर तेही बरंचसं जमतं.

मग प्रश्न येतो किती सांगायचं याचा. ‘चार पावलं पुढे, आता डावीकडे’ असं गेमनेच सांगितलं तर खेळाडू पोचेल, पण तो खेळला काय? कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१मध्ये मांडलेलं ‘नॅव्हस्टिक’ या ठिकाणी उपयोगी पडतं. कंट्रोलरची काडी ज्या दिशेला वळवावी, त्या दिशेला काय आहे ते ऐकू येतं. डोळस माणूस खोलीत शिरल्यावर नजर फिरवतो, तशी इथे अंगठ्याने फिरवायची. आधी कुठे ‘पाहायचं’, हा निर्णय खेळाडूचाच राहतो. कॅनडातल्या फॉलिंग स्क्विरलचा ‘द व्हेल: शॅडो ऑफ द क्राउन’ (२०२१) दुसऱ्याच वाटेने गेला. त्यात पाहण्यासारखं चित्र जवळजवळ नाहीच. नायिका अंध राजकन्या आहे, तलवारीचा वार ज्या बाजूने ऐकू येईल त्या बाजूला ढाल धरायची. चूक झाली तर ती खेळाडूच्या कानाची, त्यामुळे पुन्हा खेळावंसं वाटतं.

कर्णबधिर खेळाडूचं गणित नेमकं उलटं. त्याला भिंत दिसते, पण मागून येणारी पावलं ऐकू येत नाहीत. ‘माइनक्राफ्ट’ने २०१६मध्ये आवाजांच्या सबटायटल्स दिल्या आणि आवाज कुठून आला ते दाखवणारे बाणही. आपल्याकडच्या पोरांनी रात्र-रात्र जागून खेळलेल्या ‘पबजी मोबाईल’मध्येही पावलांच्या आणि गोळीबाराच्या खुणा छोट्या नकाशावर उमटत. त्या बहुतेक सगळ्यांनीच वापरल्या, फक्त त्यांच्यावाचून कुणाचं तरी अडतं, असं कुणाच्या मनात आलं नाही. ज्यांना गरगरतं त्यांच्यासाठी चालताना कॅमेरा डुलणं बंद करायचं बटण, किंवा रंगांधांसाठी ‘व्हॅलोरंट’मध्ये शत्रूभोवतीच्या कडेचा रंग बदलणं, हीही त्याच जातीची कामं. खर्च किरकोळ, उपयोग मोठा.

हातांची अडचण असेल तर नुसत्या सेटिंगने भागत नाही. एका अंगठ्याने चालायचं, दुसऱ्याने पाहायचं आणि तर्जनीने गोळी झाडायची, ही कसरत धडधाकट दोन हात गृहीत धरते. मायक्रोसॉफ्टच्या २०१८च्या एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरवर दोन थोरली गोल बटणं आणि मागे १९ जॅक आहेत. त्यांत पायाने दाबायचं पेडल जोडा, डोक्याने ढकलायचा स्विच जोडा, ज्याला जे हलवता येतं ते. त्याचा खोकासुद्धा विचार करून केलेला: दात लावावे लागता कामा नयेत, अशी अट घालून जागोजागी ओढायचे फास ठेवले. अपंग माणसांना पार्सल दातांनी फाडावं लागतं, हे कुणीतरी त्यांनाच विचारून घेतलं असणार.

मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये अंधांसाठी सर्वांत गाजलेलं काम २०२०च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’चं. साठाहून अधिक सुविधा आणि सल्ल्याला अंध गेमर ब्रँडन कोल. पण तो गेम थर्ड पर्सन, पात्राच्या पाठीमागून दिसणारा. फर्स्ट पर्सन नेमबाजीत अंधांच्या वाट्याला आजही मुख्यतः हौशी मंडळींनी मूळ गेममध्ये केलेले बदल, म्हणजे मॉड, येतात. त्यातही ते जुन्या, कोड खुला असलेल्या गेमवर जमतात. नवा गेम असेल तर कंपनीने एक अपडेट सोडलं की महिनोन्महिने जुळवलेला मॉड बंद पडू शकतो, आणि तो दुरुस्त करायला पुन्हा कुणाला तरी रात्री जागावं लागतं, फुकटात.